सहगुणक विषम असतील, तर

सुजाता,

काल सकाळी तुझ्या घरचं ऑक्सिजनचं मशीन परत नेलं. एजन्सीचा माणूस आला, त्याने प्लग काढला, नळी गुंडाळली आणि लेकरू कडेवर घ्यावं तसं मशीन उचलून तीन माळे उतरून गेला. तो गेल्यावर भाऊजी बराच वेळ भिंतीजवळच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग म्हणाले, "मंदाताई, घर एवढं शांत होतं का आपलं?"  मशीनच्या घरघरीवरून ऐकू जावं म्हणून आपण दोघी मोठ्याने बोलायचो. ती सवय मला अजून आहे. घरी मुलगा म्हणतो, आई, ओरडून काहून बोलतेस?

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाऊजींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. समोर तुझे विद्यार्थी होते, कॉलेजातली माणसं होती, जरीपटक्यातले तुझे शेजारी होते. माझ्या आधी बोललेले गृहस्थ सांगून गेले होते की तू शिस्तीची होतीस, हसतमुख होतीस. हसतमुख शब्द ऐकला आणि मला तुझा खरा चेहरा आठवला. कुठलीतरी कादंबरी संपवून ती गादीवर आपटतानाचा.  मी खाली बसले. तुझ्याविषयी बोलणं मला जमत नाही. तुझ्याशी बोलणं जमेल असं वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

एम.एस्सी. झाल्यावर मी बँकेत लागले आणि गणित सोडलं. तू सोडलं नाहीस. मधली कितीतरी वर्षं आपण एका गावात राहून भेटलोही नाही. मग एका रविवारी मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एका कादंबरीचं परीक्षण लिहिलं. कादंबरी एका गणितज्ञावरची होती. सोमवारी बँकेत माझ्या खिडकीसमोर रांग लागलेली असताना कोणीतरी आत पैशांऐवजी पेपरची घडी सरकवली. मी वर पाहिलं तर तू.

"हे तू लिहिलं वं?"

"हो."

"पुस्तक फार छान आहे म्हणते तू. त्यात गणित कुठं आहे?"

तुझ्यामागे माणसं ताटकळत होती. मी हळू आवाजात म्हटलं, "कादंबरी आहे वं ते."

"मग त्यातला माणूस दिवसभर करते काय? खोकलते, बायकोले रडवते, अन् खिडकीतून बाहेर पाहते. एवढं तर माझा मोठा भाऊही करते. त्याच्यावर काहून नाही लिहीत कोणी?"

रांगेतला एक जण हसला. मीही हसले. त्या शनिवारी मी तुझ्या घरी आले आणि मग येतच राहिले.

गणितज्ञांवरची मिळतील तेवढी पुस्तकं आपण वाचली. मराठी थोडीच होती, इंग्रजी पुष्कळ. कादंबऱ्या माझ्या वाट्याला, चरित्रं तुझ्या, मग अदलाबदल. तुझं ठरलेलं असायचं. पुस्तक हातात घेतलं की तू आधी शेवट वाचायचीस. "पाहू, मेला का वेडा झाला," म्हणायचीस. बहुतेक दोन्हीपैकी एक असायचं. आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून सायकल स्टँड दिसते, तू सांगायचीस, त्याच्याकडे पाहून आजवर कोणाले काही सुचलं नाही. मी म्हणायचे, वाचकाला समीकरण समजत नाही, वेड समजतं, म्हणून लेखक वेड लिहितो. तू म्हणायचीस, समजत नाही म्हणून सांगायचंच नाही, हा कोणता न्याय? स्वयंपाक्याच्या गोष्टीत भाजी नसते का?

एकदा आपण एका बाईची कादंबरी वाचली. गणित करणारी बाई, शेवटी आपले सगळे कागद चुलीत घालते. मला रडू आलं होतं. तू पुस्तक मिटवून स्वच्छ सांगितलंस की हे खोटं आहे. "ज्याले गणित येते, त्याच्या डोक्यातून ते कागद जाळून जात नाही. तेच तर दुखणं आहे." मी चिडले होते. तेव्हा तुझ्या बोलण्यात आणखी कोणीतरी आहे हे मला कळलं नाही. तुझ्या मनात डबीर सर होते.

डबीर सरांनी आपल्याला शिकवलं. मला ते फक्त खडूने भरलेल्या कोटाचे आठवतात, पण तू त्यांची खरी विद्यार्थिनी होतीस. वर्गात नवीन शिक्षक आला की आधी आपली पूर्ण नावं विचारायचा आणि तुझं मेश्राम आडनाव ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. त्याची तुला लहानपणापासून सवय होती. सरांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही. फळ्यावर एक उदाहरण घातलं आणि तुझ्या वहीत डोकावून म्हणाले, "हे असं का केलंस?" तू सांगितलंस. ते म्हणाले, "मग पुढे कर." तू मला ही गोष्ट अनेकदा सांगितलीस, आणि दर वेळी "मग पुढे कर" त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचीस.

सरांच्या बाबतीत नागपुरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्यांनी तरुणपणी एक फार मोठा प्रश्न सोडवला. एका जातीच्या समीकरणांना पूर्ण संख्यांमध्ये मोजकीच उत्तरं असतात, हे सिद्ध केलं. लेख परदेशी पाठवला. तिकडच्या लोकांनी छापला नाही, कारण नागपूरच्या एका कॉलेजातल्या मास्तरला वर येऊ द्यायचं नव्हतं. ही गोष्ट सत्कारांमध्ये सांगितली जायची, ते वारले तेव्हा श्रद्धांजलीतही सांगितली गेली. म्हणून त्यांची जन्मशताब्दी आली तेव्हा शताब्दी समितीने त्यांचं चरित्र काढायचं ठरवलं आणि सरांच्या मुलीने, शुभदाताईंनी, तुझं नाव सुचवलं.

तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज खूश नव्हता. मला वाटलं, समितीतल्या माणसाचं बोलणं लागलं असेल. तो म्हणाला होता, "मेश्राम मॅडम लिहिणार? वा. सर किती मोठ्या मनाचे होते, तेही त्यातून दिसेल." तू ते मला सांगून म्हणालीस, "मी लिहिलं तर सरांचं मन मोठं होते. माझी अक्कल कुठं जाते मग?" आपण दोघी हसलो होतो. पण कारण वेगळं होतं. ते तू मला पुढच्या शनिवारी सांगितलंस, दार लावून घेऊन, घरात कोणी नसताना.

तू नवीन लेक्चरर असताना डिपार्टमेंटची सहल रामटेकला गेली होती. पोरं पायऱ्या चढून पुढे निघून गेली. सरांना दम लागला म्हणून ते मध्येच बसले आणि तू सोबतीला थांबलीस. तू त्यांना विचारलंस, सर, तुमचा तो लेख मी विद्यार्थ्यांना शिकवू का?

"शिकवू नकोस," सर म्हणाले.

"कठीण आहे म्हणून?"

"चुकला आहे म्हणून. एका ठिकाणी मी धरून चाललो की एक संख्या मर्यादेत राहते. राहतच असणार असं वाटलं. सिद्ध करायला गेलो तर होईना. मग मीच पत्र लिहून लेख परत मागवला."

"पण सर, लोक तर म्हणतात..."

"पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं तेव्हा मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा बोलायला लाज वाटली. नंतर ती गोष्ट माझ्यापेक्षा मोठी झाली. आता मी तिच्या आत राहतो."

एवढं बोलून ते उठले आणि पुढच्या पायऱ्या चढू लागले, असं तू सांगितलंस. कोणाला सांगू नकोस, असंही म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तू मला म्हणालीस. वचन दिलेलं असतं तर माणूस त्याच्या आड उभा राहू शकतो.

मग चरित्राची प्रकरणं लिहून होत गेली. सरांचं बालपण, शिक्षण, शिकवण्याची पद्धत. मी वाचायचे, शुद्धलेखन बघायचे. त्या एका प्रकरणापाशी येऊन तू थांबलीस. मी तुला सांगितलं, सोड ते, नुसतं लिही की लेख प्रसिद्ध झाला नाही. ते खोटं नाही. तू म्हणालीस, "खोटं नाही, पण लोक खोटंच वाचतील."

"मग खरं लिही."

"मेश्रामबाईनं डबीर सरांची चूक काढली. हे मथळे मले आताच दिसून राहिले. ज्यांनी तिले शिकवलं त्यांनाच खाली ओढलं म्हणतील. अन् नाही लिहिलं तर लोक काही नाही म्हणणार. मीच म्हणीन."

मी म्हटलं, असं असेल तर कादंबरी लिही. नावं बदल, गाव बदल. आपण एवढ्या वाचल्या, एक तू लिही. त्यावर तू माझ्याकडे जी नजर टाकलीस ती मला अजून दिसते. "म्हणजे सरांनी जे केलं तेच करू? आड लपू?" माझं म्हणणं होतं की कादंबरी म्हणजे लपणं नसतं, जे उघड सांगता येत नाही ते तिथे जास्त खरं सांगता येतं. तू म्हणालीस, ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस खरा होता, त्याचं नाव खरं होतं, त्याची चूक खरी होती, आणि मला ती तिच्या जागी ठेवायची आहे. हा वाद आपला मिटला नाही. मी अजूनही माझ्या बाजूला आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहून ठेवते.

त्याच दिवसांत तुझा दम वाढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, स्पंज वाळून कडक होतो तशी. घरात मशीन आलं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या माणसाला मशीन आलं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची. गॅलरीपर्यंत पुरायची नाही. ऑक्सिजन लावून गॅसपाशी जायला मनाई होती, त्यामुळे चहा भाऊजी करायचे आणि तू उंबऱ्यावरून त्यांना साखरेबद्दल सूचना द्यायचीस. खाली बाजार होता. भाजीवाल्यांची, रिक्षांची ओरड वर यायची, आणि तू आवाजावरून ओळखायचीस की आज संत्री आली. मे महिन्यात लाइट गेली की भाऊजी धावत छोटं सिलेंडर जोडायचे आणि लाइट येईपर्यंत तू हलायची नाहीस, बोलायची नाहीस, नुसती पंख्याकडे बघत बसायचीस. मी शेजारी पुठ्ठ्याने वारा घालायचे. घामाने तुझा ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा. एकदा लाइट आल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस ते असं, "मंदे, मी आता सरांच्या मुलीले बोलावते. माझ्याजवळ दम थोडा आहे. तो लपवण्यात नाही घालवत."

शुभदाताई आल्या. प्रत्येक माळ्यावर थांबत थांबत आल्या, कारण त्यांचे गुडघे. पर्स मांडीवर ठेवून पलंगाजवळच्या खुर्चीत बसल्या. तू मशीनच्या घरघरीवरून, मध्ये मध्ये थांबत, रामटेकच्या पायऱ्यांवर सर काय बोलले ते सांगितलंस. एकही शब्द गाळला नाहीस. मी दाराजवळ उभी होते. मला वाटलं, त्या रागावतील, किंवा तुला खोटी ठरवतील. तुलाही तेच वाटत होतं, तुझे हात पांघरुणाच्या काठाशी चाळा करत होते.

 त्यांनी विचारलं,

"माझी आई जन्मभर त्या परदेशातल्या लोकांना शिव्या देत राहिली. जेवताना, पाहुण्यांसमोर. आजारपणातसुद्धा. बाबा शेजारी बसून ऐकायचे. त्यांना माहीत असून ते ऐकत होते?"

तू म्हणालीस, "हो."

"आणि मी? मला लहानपणापासून सांगितलं की तुझ्या वडिलांवर अन्याय झाला. मी तेच घेऊन मोठी झाले, सुजाताताई. माझ्या मुलांनाही तेच सांगितलं. आता मी त्यांना काय सांगू?"

 त्या उठल्या, चहा घेतला नाही. दारात मला म्हणाल्या, "मला थोडा वेळ द्या." आणि मग त्यांचा फोन आला नाही. आठवडे गेले. समितीकडूनही काही विचारणा नव्हती. पुस्तक अडलं, तू अडलीस, मी दर शनिवारी येऊन तुझ्याजवळ बसायचे आणि आपण नवीन पुस्तक सुरूच करायचो नाही.

मग एका शनिवारी मी आले तर तुझ्या पांघरुणावर सगळीकडे कागद पसरलेले. समीकरणं लिहिलेले, खोडलेले. तुझे ओठ निळसर होते आणि डोळे चमकत होते. मला लगेच कळलं. तू सरांच्या सिद्धतेतली ती उणी जागा बुजवायला बसली होतीस.

मी फार रागावले. भाऊजींसमोर रागावले. म्हटलं, जन्मभर ज्या पुस्तकांना हसलीस त्याच पुस्तकातली झालीस ना शेवटी? खोकणारी, एका खोलीत कोंडलेली, कागदांत बुडालेली? कोणासाठी करून राहिली हे? शुभदाताईंसाठी? समितीसाठी?

तू हसलीस. हसताना खोकला आला, तो थांबायला वेळ लागला.

"बाहेर जायले मले नळी पुरत नाही," तू म्हणालीस. "आत जायले पुरते."

भाऊजी स्वयंपाकघरात गेले. मी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने तू मला एक कागद दिलास आणि म्हणालीस, हे धर, मी बोलते, तू लिही, माझा हात थकला. मी लिहू लागले. इतक्या वर्षांनी मी गणित लिहीत होते. चिन्हं काढताना माझा हात अडखळत होता, आणि तू अंगठा लावणाऱ्या बाईला सही शिकवावी तसं मला शिकवत होतीस. सुजाता, ते दिवस वाईट होते. पंखा गरम हवा फेकत होता, तुझी नखं जांभळी पडत होती, मला भीती वाटत होती. आणि तरी तेव्हा मला जे मिळालं, ते बँकेच्या एवढ्या वर्षांत कधी मिळालं नव्हतं. मी हे तुला तेव्हा सांगितलं नाही. रागावलेली होते ना.

तुला सगळं जमलं नाही. ती जागा पूर्ण बुजली नाही. पण एक दिवस तू मला थांबवलंस आणि म्हणालीस, "समीकरणातले सगळे सहगुणक विषम असतील, तर ती संख्या मर्यादेत राहते. मग सरांचं सगळं पुढचं बरोबर आहे."

"अन् विषम नसतील तर?"

"तर माहीत नाही."

"म्हणजे थोडंसंच झालं."

"थोडंसं झालं," तू म्हणालीस. "एवढ्यापुरते सर बरोबर आहेत." मग उशीवर डोकं टेकवलंस आणि संध्याकाळपर्यंत झोपलीस. भाऊजींनी मला सांगितलं की कित्येक दिवसांत तू अशी झोपली नव्हतीस.

तू शुभदाताईंना पुन्हा बोलावलंस. या वेळी नातवाला घेऊन येईन असं त्या म्हणाल्या होत्या, पण एकट्याच आल्या. तू त्यांना सांगितलंस, चूक होती, ती तशीच आहे, पण एका मर्यादेत तुमच्या वडिलांची सिद्धता उभी राहते. आणि दोन्ही गोष्टी छापायच्या आहेत.

त्यांनी विचारलं, "मग बाबा बरोबर होते, असं म्हणायचं का मी?"

"एवढ्यापुरते म्हणा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं त्यांना स्वतःला माहीत होतं. त्यांनीच लेख परत मागवला. चूक मान्य करायची हिंमत त्यांनी कागदावर केली, लोकांसमोर नाही केली. मी दोन्ही लिहीन."

शुभदाताईंनी मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, "छापा. पण आईच्या शिव्यांबद्दल लिहू नका. तिला तिच्या रागासकट राहू द्या." तू मान हलवलीस. त्यांनी त्या दिवशी चहा घेतला. भाऊजींच्या हातचा, साखर जास्त झालेला, पूर्ण प्यायल्या. जाताना तुझ्या कपाळावर हात ठेवून गेल्या.

तू लिहिलेल्या चरित्रात त्यांच्या आईचा राग नाही. इथे मात्र मी तो लिहिला. शुभदाताईंना आधी विचारलं होतं. तुमच्या पत्रात लिहा, म्हणाल्या.

आपलं शेवटचं भांडण त्यानंतरच्या शनिवारी झालं. मी म्हटलं, हे विषम सहगुणकांचं प्रकरण जोडून तू पुस्तकाचा शेवट गोड केलास. नुसती चूक ठेवली असती तर जास्त भिडलं असतं. वाचक त्या पायऱ्यांवर सरांबरोबर बसून राहिला असता. तू बराच वेळ श्वास गोळा करत होतीस. मग म्हणालीस, "तुले शेवट दुःखी पाहिजे, कारण तू वाचणारी आहे. मी करणारी आहे. करणाऱ्याले जेवढं जमते तेवढं करून पाहावं लागते."

मी काहीतरी उत्तर देणार होते. मला आठवतं, वाक्य तयार होतं. तेवढ्यात तुला खोकला आला, भाऊजी पाणी घेऊन आले आणि विषय राहिला. म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलू. गुरुवारी सकाळी भाऊजींचा फोन आला.

ते वाक्य मी आता तुला सांगत नाही. तू उत्तर देऊ शकत नसताना बोलणं बरोबर होणार नाही.

पुस्तक छपाईला जाणार आहे. तुझा एक जुना विद्यार्थी आता बाहेरगावी गणितात संशोधन करतो. त्याला तुझं ते प्रकरण पाठवलं होतं. त्याने कळवलं की सगळं बरोबर आहे, मॅडमनी फार नीट केलं आहे. समितीतल्या त्या माणसाचाही फोन आला. म्हणाला, हे चुकीचं वगैरे छापणं गरजेचं आहे का? मी म्हटलं, शुभदाताईंशी बोला. त्यांच्याशी बोलल्यावर त्याने पुन्हा फोन केला नाही.

मुद्रितं वाचायचं काम माझ्याकडे आहे. बाकी सगळं पुस्तक मी वाचून संपवलं. आता फक्त तुझं ते प्रकरण. त्यातल्या काही ओळी माझ्याच हाताने लिहिलेल्या आहेत, पण तेव्हा मी नुसती उतरवत होते. आता समजून घेऊन वाचायचं ठरवलं. दुपारी जेवण झालं की बसते. जुनी पुस्तकं काढली, विसरलेल्या व्याख्या पुन्हा पाठ केल्या. पहिलं पान समजलं. दुसरं समजायला चार दिवस लागले, पण समजलं. सरांनी कुठे काय धरून चाललं आणि तू तिथे काय केलंस, हे मला दिसलं तेव्हा मी घरात एकटीच उभी राहिले होते.

तिसऱ्या पानाच्या मधोमध तू लिहिलं आहेस, "यावरून ती संख्या मर्यादेत राहते हे उघड आहे."

मला ते उघड होत नाही. आधीची ओळ समजते, नंतरची ओळ समजते. मधलं जमत नाही. तुझ्या विद्यार्थ्याला फोन केला तर तो लगेच सांगेल. भाऊजीही म्हणाले, विचारून टाका, एवढं काय. छापखान्यातून रोज विचारणा होते आहे. मी अजून विचारलेलं नाही. मी त्या ओळीपर्यंत येते आणि थांबते, पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते, पुन्हा तिथेच येते. मागे सगळीकडे फिरता येतं, पुढे जाता येत नाही.

मला ते दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं नाही.

उघड कसं आहे वं हे, सुजाता? सांग ना.